सॉर्टरच्या गळ्यातलं दावं

कलर सॉर्टर विकायला आलेल्या माणसाने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं सांगता सांगता माझाच गोंधळ होतो आणि ऐकणाऱ्याला वाटू लागतं की चूक माझीच असावी. वकिलाकडेही तेच झालं.

व्यवहारातलं मला कळत नाही असं कोणी म्हणू नये. वडिलांकडून मला मिळाला तो फक्त मोठा आवाज. त्या आवाजावर मी अड्याळच्या बाजारात पंधरा वर्षं बैलांची दलाली केली. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तेव्हा नवखा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. तोंड खोटं बोलतं. मी अंगठ्याकडे लक्ष ठेवायचो. अंगठा थरथरला की माणूस घाबरला, आता तो उतरणार. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या रागाचीही बाजारात ख्याती होती, आणि त्यातला अर्धा राग खरा असायचा.

आमच्याकडे बैल विकला की विकणारा दावं देत नाही. सौदा झाला की तो बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडतो, गुंडाळून खांद्यावर टाकतो आणि घरी नेऊन गोठ्यातल्या खुंटीला अडकवतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते, असं मानतात. घेणारा आपलं नवं दावं सोबत आणतो. जुनं सुटून नवं बांधेपर्यंत बैल बाजारात मोकळा उभा असतो, पण तो कोणाचा, असा प्रश्न कोणालाच पडत नाही. जुनं दावं सुटलं की जुना मालक सुटला. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की जगात सगळीकडे असंच असतं, असं धरून चाललो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या थोडं पुढेमागे मी दलाली सोडली आणि अड्याळच्या रस्त्याला राइस मिल टाकली. मोठ्या मिला तिकडे गोंदियात राहिल्या. इकडे भंडाऱ्यात आम्ही लहान लोक. सुरुवातीला धान सडायचं जुनं हलर आणि एक पॉलिशर होतं. मग एकेक करत वाढवत गेलो. मात्र माझ्या तांदळात काळा दाणा निघतो, खडा निघतो, ही तक्रार काही गेली नाही. लोक मला तोंडावर भाऊ म्हणायचे आणि धान घेऊन पुढच्या मिलमध्ये जायचे, कारण तिथे सॉर्टर होता.

सॉर्टर म्हणजे माणसापेक्षा उंच कपाट. वरून तांदूळ पन्हळींतून घसरतो, कॅमेरे एकेक दाणा पाहतात आणि ज्याचा रंग बिघडला त्याला हवेची एक फुंकर बाजूला उडवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता उभा राहिलो होतो. सूप घेऊन बसलेल्या दहा बाया जे दिवसभर करतात ते हे कपाट चहा होईपर्यंत करत होतं.

मग तो विक्रेता आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. तो आपणहून पोत्यावर बसला आणि म्हणाला, "काकाजी, मी काही बाहेरचा नाही. एकोडीचा आहो. आमच्या घरी धानाचीच शेती आहे. बैल मी पण हाकले आहेत."

तिथेच मी थोडा सैल झालो. त्याला ते कळलं असावं. तीन खेपा त्याला चकरा मारायला लावल्या. दुसऱ्या खेपेला मी ओरडून त्याला शेडबाहेर काढलं आणि तो फाटकापर्यंत गेल्यावर चहाला बोलावलं. तिसऱ्या खेपेला तो उतरला, चांगलाच उतरला. मी मनातल्या मनात बाजारातल्या माझ्या जुन्या सोबत्यांना हे सांगून मोकळाही झालो होतो. तेवढ्यात तो म्हणाला,

"एक सांगून ठेवतो, काकाजी. आतल्या प्रोग्रॅमचा पासवर्ड कंपनीजवळच राहते."

मी हसलो. "म्हणजे दावं तुमचं."

तोही हसला. "हो जी. दावं आमचं."

"अन् बैल माहा."

"बैल तुमचाच, काकाजी. बिल तुमच्या नावानं फाडतो ना."

असं बोलणं झालं. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. मग त्याने पिशवीतून इंग्रजी कागदांचा जाड गठ्ठा काढला आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे मी सही केली. मशीनच्या भावावर मी तीन खेपा भांडलो होतो. त्या गठ्ठ्यावर एक शब्द भांडलो नाही. त्यातही घासाघीस करायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिला हंगाम बरा गेला. शहरात जाणारा पांढराशुभ्र तांदूळ मशीन झकास निवडायचं. अडचण आली ती घरी खायच्या तांदळाची. आमच्या भागातले लोक विकायचा तांदूळ चकाकवून घेतात, पण घरच्यासाठी थोडा कोंडा राखून, कमी पॉलिशचा करून नेतात. तो दाणा जरा मळकट दिसतो. मशीनला तो सडका वाटायचा. चांगल्या तांदळाचा ढीग नको त्या तोंडातून पडू लागला.

जवळच्या खेड्यातली एक म्हातारी शेतकरीण माझ्याकडे पहिल्यापासून धान आणते. सत्तरीच्या पुढची असेल. पोत्याजवळ बसून ती आपला तांदूळ स्वतः भरून घेते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. ती मशीनने फेकलेल्या ढिगाजवळ बसली, मूठभर दाणे तळव्यावर घेतले आणि मला हाक मारली.

"भाऊ, हा कायले फेकला तुह्या मशीननं?"

"मशीनले पिवळा दिसते, बाई."

"मशीनले दिसते, मले नाही दिसत काय? जन्मभर याच तांदळाचा भात खाऊन राहिली मी. मले काही झालं नाही. तुह्या मशीनले काय झालं?"

शेडमधली माणसं हसली. मी त्यांच्यावर ओरडलो. तिच्यावर ओरडता येत नाही, ती माझ्या आवाजाला भीत नाही.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलायचा. म्हणायचा, तुमच्या प्रोग्रॅममध्ये कमी पॉलिशचा तांदूळ नाही. मी म्हटलं, नाही तर घाला. तो म्हणाला, कंपनी त्या रंगाला दोष मानते, सर. मी म्हटलं, मग मला पासवर्ड द्या, मी घालतो. तो म्हणाला, पासवर्ड देता येत नाही. आठ दिवसांनी लावला, पंधरा दिवसांनी लावला, प्रत्येक वेळी हेच. म्हातारी मात्र दर खेपेला फेकलेला ढीग सुपात घेऊन पाखडत बसायची आणि मान वर न करता विचारायची, "शिकला काय तुहा मशीन?"

मग मला वाटलं, दावं त्यांचं आहे ते त्यांच्याकडे राहू द्या. माझा बैल, मी माझं दावं बांधतो.

कारध्याला माझ्या वयाचा एक मेकॅनिक आहे. पूल ओलांडला की त्याचं लहानसं दुकान. रेडिओच्या काळापासून तो दुरुस्त्या करतो. पुढे टीव्ही आले, मग डिशचे डबे, आता ट्रॅक्टरचे मीटरही उघडतो. बाजाराच्या दिवसांपासून आमची ओळख. तो मला चिडवायला शेठ म्हणतो. आला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"शेठ, हे तुहंच आहे ना? कर्जावर, भाड्यावर नाही ना?"

"बिल माह्या नावाचं आहे."

"मंग खोलतो. दुसऱ्याचं असतं तर हात नसता लावला."

हे त्याने विचारलं होतं, हे मी मुद्दाम लिहितो.

दोन दिवस तो लॅपटॉप जोडून बसला. आधी त्याने आतला जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा एका पेन ड्राइव्हवर काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "हे जपून ठेव. नवं नाही पटलं तर जुनं परत टाकू." मग कुलूप कसं काढलं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. रंगाचे काही आकडे त्याने बदलले, म्हातारीचा तांदूळ पुन्हा पुन्हा सोडून पाहिला, परत बदलले. शेवटी म्हणाला, आता नवा पासवर्ड सांग. मी माझ्या पहिल्या बैलाचं नाव सांगितलं.

मशीन चालू केलं. कोंड्याचा दाणा सरळ खाली आला आणि काळा तेवढा बाजूला उडाला. म्हातारीने दोन्ही ढिगांत हात घालून पाहिलं. म्हणाली, "आता शहाणा झाला." मेकॅनिकच्या चष्म्यावर कोंडा बसला होता तरी तो पुसत नव्हता, इतका खूश होता.

आठ-दहा दिवस सुखाचे गेले. एका सकाळी मशीन चालू केलं तर पडदा लाल. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाचून सांगितलं, अनधिकृत बदल आढळला, मशीन बंद करण्यात आलं आहे. मग त्याने मागचं झाकण उघडून मला एक बोटभर पट्टी दाखवली. तिच्यात सिम होतं, मोबाइलमध्ये असतं तसंच.

"हे मले आधी दिसलंच नाही, शेठ. हे तिकडं कळवून राहिलं होतं. आता पेन ड्राइव्हवरचं जुनं टाकून पाहिलं, तेही घेत नाही."

माझ्या शेडमध्ये उभं राहून, माझी वीज खाऊन, ते कपाट रोज माझी चुगली करत होतं. मी बैलांचे पुष्कळ अवगुण पाहिले. लाथ मारणारे, बसून राहणारे, कुंपण मोडणारे. पण रोज जुन्या मालकाकडे जाऊन नव्या मालकाचं सांगून येणारा बैल मी पाहिला नव्हता.

फोन लावला. तोच गोड आवाज. "सर, आपण मशीन विकत घेतलं आहे. आतलं सॉफ्टवेअर वापरायची फक्त परवानगी घेतली आहे."

"मी परवानगी मागायले आलो होतो काय तुमच्या दारात? तुमचा माणूस माह्या दारात आला होता."

"सर, आपण आवाज कमी करा."

मी आवाज कमी केला नाही. फोन कटला.

मग पत्र आलं. दोनच गोष्टी होत्या. मी लिहून द्यायचं की मशीनच्या प्रोग्रॅममध्ये बेकायदा छेडछाड झाली, आणि ती कोणी केली त्याचा नाव-पत्ता द्यायचा. तसं लिहून दिलं की कंपनी जुना प्रोग्रॅम टाकून मशीन उघडून देईल. नाही दिलं तर पुढची कारवाई. हंगाम ऐन भरात होता, शेडमध्ये पोत्यांवर पोती लागली होती.

ते पत्र आणि सहीचा जाड गठ्ठा घेऊन मी भंडाऱ्याला वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तो गठ्ठा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. ते कागद आल्यापासून पहिल्यांदाच कोणी वाचले असतील. मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, बाजारातला नियम विसरून.

"मशीनचं लोखंड, कॅमेरे, सगळं तुमचं," त्या म्हणाल्या. "प्रोग्रॅम मात्र पुस्तकासारखा धरतात. पुस्तकाची प्रत तुमची, लिहिलेलं लेखकाचं."

"मग पुस्तकात मी पेनानं खूण करू शकत नाही काय?"

त्यांनी गठ्ठ्यातली दोन पानं मागे उलटली. "करू शकता. प्रोग्रॅम ज्याच्याकडे रीतसर आलाय त्याला कायदा काही गोष्टी करू देतो. राखीव प्रत ठेवणं, तो कसा चालतो ते तपासणं. कुलूप तोडण्याबद्दल वेगळं कलम आहे. त्यात हेतू पाहतात. तुमचा हेतू काय होता?"

"तांदूळ निवडायचा."

"तसं नाही हो. त्यांचा प्रोग्रॅम काढून दुसऱ्याला द्यायचा, विकायचा, असं काही?"

"कोणाले विकू? म्हातारीले?"

त्या हसल्या नाहीत. "मग त्या कलमाखाली गुन्हा मला दिसत नाही. पण या करारात तुम्ही मान्य केलंय की आतलं उघडणार नाही, बदलणार नाही. बारावं पान. ही तुमची सही."

"म्हणजे गुन्हा नाही पण चूक आहे?"

"असं म्हणता येईल. कराराने कायद्यातली मोकळीक काढून घेता येते का, हाही प्रश्न आहे. तसंही म्हणता येईल. नक्की सांगायचं तर अशा प्रकरणात कोर्टाने काय ठरवलं ते शोधावं लागेल."

मी त्यांना दाव्याचं बोलणं सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांनी लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

"साक्षीदार?"

"मी आणि तो."

"आणि ‘दावं तुमचं’ हे आधी तुम्हीच त्याला म्हणालात."

"हो."

"त्यांचा वकील नेमकं तेच उचलेल."

वकीलबाईंच्या जिन्यावरून खाली उतरताना मला पहिल्यांदा वाटलं की मी काय विकत घेतलं हे मलाच माहीत नाही. खिशातला मोबाइल माझा की नाही? घरच्या टीव्हीखालचा डबा? लोखंड माझं आणि त्याला शहाणपण देणारं त्यांचं, असं असेल तर मी नुसतं वजन विकत घेतलं. पण मग तो माणूस बैल तुमचाच असं का म्हणाला? आणि मी दोन हंगाम ते चालवलं, तेव्हा मी काय होतो? मालक, की वापरणारा, की राखणदार? घरी येईपर्यंत मी यातल्या प्रत्येकाच्या बाजूने एकेकदा भांडून पाहिलं, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी जिंकलो. त्यामुळे काहीच ठरलं नाही.

एक जुनी गोष्ट मला तेव्हापासून छळते आहे. दलालीच्या दिवसांत मी एकाला बैल विकून दिला. चांगला, धष्टपुष्ट. पण जुना मालक जिभेने एक आवाज काढायचा, तो ऐकल्याशिवाय हा बैल पाऊल उचलायचा नाही. पुढच्या बाजारी घेणारा माझ्या अंगावर आला. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो, "बैल तुहा आहे ना? मग शिकव त्याले." त्याने शिकवलं. महिन्याभरात तो त्याच्या हाकेवर चालू लागला. जुना मालक काही पत्र घेऊन आला नाही, की माझा आवाज बैलाच्या डोक्यातून काढायचा तुला अधिकार नव्हता म्हणून. माझी बाजू इथे पक्की होते, असं मला वाटतं. पण त्या आवाजाचं मला आधीच ठाऊक होतं, आणि मी घेणाऱ्याला सांगितलं नव्हतं. ही गोष्ट वकीलबाईंना सांगायची की नाही, ते मला कळलं नाही. सांगितली नाही.

पत्र घेऊन मी कारध्याला गेलो. मेकॅनिक एक मिक्सर उघडून बसला होता. मी त्याला मजकूर सांगितला. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला,

"देऊन टाक ना माहं नाव. तुह्या शेडात पोती पडली आहेत. माहं काय, शटर पाडतो अन् घरी बसतो."

"खरंच लिहू?"

"लिही. पण सगळंच लिही मंग. तुह्या बापाचा रेडिओ मी खोलला होता, तेही लिही. कोणाची परवानगी होती त्यालेही?"

बोलणं नेहमीसारखंच तिरकस होतं. पण स्क्रू धरलेला त्याचा अंगठा थरथरत होता. पंधरा वर्षं त्या थरथरीवर मी सौदे तोडले, भाव पाडले, माणसं वाकवली. आता त्याच थरथरीचं काय करायचं ते मला समजेना. मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हटलं, चहा पाज. त्याने पाजला.

सॉर्टर अजून बंद आहे. त्याच्यावर ताडपत्री टाकली आहे. पोतीवाले पुढच्या मिलमध्ये जाऊ लागलेत. म्हातारी मात्र येते, सूप घेऊन ताडपत्रीच्या सावलीला बसते, आपला तांदूळ आपण पाखडते. परवा म्हणाली, "चालू कर ना भाऊ. तुहाच आहे ना?" मी ताडपत्रीची दोरी आवळत राहिलो.

मी ते कबूलपत्र लिहून देणार नाही. माझ्या कारध्याच्या माणसाचं नाव देणार नाही. वकीलबाई म्हणतात कंपनीला उत्तर देऊ, त्यांचं त्या देतील. मला कंपनीचं उत्तर नको आहे. त्या गोड आवाजाचंही नको, तो कधी धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरला नसेल. मला त्या विक्रेत्याचं उत्तर हवं आहे. त्याचा जुना नंबर लागत नाही, म्हणून त्याला इथेच विचारतो.

तू स्वतः सांगितलंस की तू एकोडीचा आहेस, बैल हाकले आहेस. म्हणजे बैल विकताना दावं काढून घेण्याचा अर्थ काय होतो हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. दावं काढलं की विकणारा बैलाचा कोणी राहत नाही. तू दावं आमचं म्हणालास, हसलास, चहा प्यायलास, आणि दावं तसंच गळ्यात ठेवून त्याचं दुसरं टोक घेऊन निघून गेलास. अड्याळच्या रस्त्यावर मिल तिथेच आहे. ये. ताडपत्री मी काढून ठेवतो. मशीनजवळ उभा राहा आणि त्या म्हातारीच्या समोर मला एवढंच सांग: ‘बैल तुमचाच’ म्हणालास तेव्हा तू मला बैल विकला होतास की नाही?